पुस्तक रोखीने, मालकी उधारीवर!

येरमाळा (ता. कळंब) : येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेसाठी ओळखल्या जाणाऱ्या येरमाळ्यासारख्या गावातील वाचकाला नवे पुस्तक हवे असले, की कळंब, बार्शी किंवा धाराशिवची वाट धरावी लागे. ई-पुस्तकांनी ही पायपीट वाचवली. मात्र पैसे मोजून घेतलेले पुस्तक उघडेनासे झाले तर जाब कोणाला विचारायचा, हा नवा प्रश्नही त्यांनीच उभा केला.

छापील पुस्तकाची पाने उलटसुलट निघाली तर दुकानदार प्रत बदलून देतो. ई-पुस्तकाच्या व्यवहारात समोर दुकानदारच नसतो. उपकरण बनवणारा अॅपकडे बोट दाखवतो, अॅपवाला प्रकाशकाकडे. आणि ग्राहक सेवा ‘यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा’ यापलीकडे जात नाही. भारतात किंडल आले २०१२ मध्ये आणि त्यावर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय झाली ती २०१६च्या अखेरीस. वाचन मराठीत झाले, तरी तक्रारीमागच्या अटी बहुतांशी इंग्रजीतच राहिल्या.

विक्री नव्हे, परवाना

या मनस्तापाचे मूळ कर्मचाऱ्यांच्या उद्धटपणात नाही, ते करारात आहे. बहुतेक विक्रेते ‘खरेदी करा’ असे बटण दाखवतात. प्रत्यक्षात देतात तो केवळ वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. प्रत विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे त्याचे कारण. पैसे परत मिळाले, कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण विकलेले पुस्तक विक्रेता परत नेऊ शकतो, हे जगाला कळून चुकले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले, तेव्हा ग्राहकांना रक्कम परत मिळाली, पुस्तके मात्र गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने संगणकावर प्रत उतरवून ती केबलने किंडलमध्ये घेण्याची सोयही काढून घेतली.

कायदा काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश केला. २०२०च्या ई-व्यापार नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तेवढ्याने भागले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे येरमाळ्याच्या वाचकाला मुंबई वा बंगळुरू गाठण्याची गरज नाही. धाराशिवचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

तरीही मेख उरतेच. बिघडलेली सेवा, न उघडणारी फाइल, न मिळालेला परतावा यांवर जिल्हा आयोग निर्णय देऊ शकतो. पण मुळातली एकतर्फी अट, म्हणजेच ‘अनुचित करार’, हा विषय कायद्याने राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडे सोपवला आहे. दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी तिथवर कोण जाणार? विक्रेत्यांचे फावते ते नेमके इथेच.

कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५पासून यावर एक साधा उपाय लागू केला : परवाना विकत असाल, तर ‘खरेदी’ या शब्दाबरोबर तसे स्पष्ट सांगा. आपल्याकडेही हा खुलासा ग्राहकाच्या भाषेत बंधनकारक व्हायला हवा. तोवर वाचकाने पावती, व्यवहार क्रमांक आणि ग्राहक सेवेशी झालेला संवाद जपून ठेवावा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. आणि आयोगापुढे मालकी सिद्ध करता आली नाही, तरी मोजलेले पैसे नक्कीच सिद्ध करता येतात.