बिनमानेचं काडतूस

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शिकारीच्या नियमांची एक पुस्तिका दरवर्षी निघते. मुलीकडे गेलो असताना, दूध, पाव आणि मासे धरायचे गळ एकाच छपराखाली विकणाऱ्या एका दुकानात ती मला फुकट मिळाली. उभी हयात बँकेची परिपत्रकं वाचण्यात गेलेल्या माणसाला असलं वाचन सुटत नाही. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार. अंगात डोळ्यांना खुपेल असा नारिंगी अंगरखा. दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवायचा तर मालकाची लेखी परवानगी खिशात. हे सगळं समजलं. अडलो एका ओळीवर : हरणासाठी रायफल चालेल, पण तिचं काडतूस सरळ भिंतीचं हवं आणि गोळीचा व्यास .३५७ ते .५० इंच यांच्यामध्ये हवा.

सरळ भिंतीचं काडतूस म्हणजे काय, याच्याशी शाकाहारी मराठी आजोबाचा संबंध काय, असं वाचकांना वाटेल. संबंध असा की मुलीच्या घराची मागची बाजू मक्याच्या शेताला लागून आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तोवर मका कापून झालेला असतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार पलीकडच्या झाडीपर्यंत नजर जाते. नजर जिथवर जाते तिथून गोळी येऊही शकते, हा हिशेब करायला बंदुकीचं ज्ञान लागत नाही. आमची सहा वर्षांची नात त्याच खिडकीत बसून दूध पिते. शेताचा मालक सज्जन गृहस्थ. हंगामाच्या आदल्या दिवशी येऊन तो सांगून जातो की पोरगा कुठल्या झाडावरच्या मचाणावर बसणार आहे आणि तोंड कोणत्या दिशेला करून. मचाणावरून मारलेली गोळी चुकली तर जमिनीत जाते, हेही त्यानंच मला समजावलं.

काडतुसाची गोष्टही त्याच्याकडूनच कळली. काडतूस म्हणजे पितळेची डबी. आत दारू, तोंडाला गोळी. शक्तिमान रायफलीचं काडतूस सुरईसारखं असतं : पोट मोठं, वर खांदे, मग निमुळती मान. पोटात दारू भरपूर आणि मानेत गोळी बारीक, त्यामुळे ती भन्नाट वेगानं सुटते आणि लांब जाते. सरळ भिंतीचं काडतूस पेल्यासारखं. तळापासून तोंडापर्यंत जवळजवळ एकाच मापाचं. गोळी जाड आणि जड, दारू त्या मानानं कमी. ती सुरुवातीला दणका देते, पण लवकर दमते आणि खाली येते. ओहायोचा कायदा म्हणतो, हरणासाठी पेला आणा, सुरई नको.

ही मापं आणि नावं मोठी गमतीची आहेत. .३०-३० या काडतुसात पहिले तीस म्हणजे इंचाचे शतांश आणि दुसरे तीस म्हणजे दारूचं वजन, ग्रेनमध्ये. .३०-०६ मध्ये मात्र ०६ हे साल आहे, अमेरिकी सैन्यानं ते स्वीकारलं ते १९०६. आमच्या शाखेच्या दारात स्टुलावर बसणाऱ्या पहारेकऱ्याची बारा बोअरची दुनळी तर आणखी निराळी. त्या नळीत बसतील असे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतो, म्हणून ती बारा बोअर. वर्षानुवर्षं तिच्यासमोरून मी कॅश काउंटरकडे गेलो, आणि बाराचा अर्थ कळला ओहायोच्या मक्याच्या शेतात.

२०१४ पर्यंत ओहायोत हरणासाठी रायफल मुळीच चालत नसे. शॉटगनमधून अख्खी शिशाची गोळी मारायची, नाहीतर ठासणीची बंदूक वापरायची. शेजारची इंडियाना, मिशिगनचा दक्षिण भाग, आयोवा, इलिनॉय इथेही थोड्याफार फरकानं हाच प्रकार होता. कारण भूगोल. हा मुलूख तळहातासारखा सपाट, शेतांच्या मध्ये घरं विखुरलेली. चुकलेली गोळी अडवायला डोंगर नाही. पश्चिमेला कोलोरॅडोत कायद्याची चिंता उलटी आहे. तिथे रायफलीचा व्यास निदान .२४ इंच हवा, गोळी आत शिरल्यावर फुलणारी हवी आणि शंभर यार्डांवरही तिच्यात ठरावीक जोर उरलेला हवा. तिथे माणूस तुरळक, जनावर पुष्कळ. गोळी कमजोर पडली तर हरीण जखमी होऊन रानात दोन दिवस तडफडत मरेल, ही तिथली काळजी. एकीकडे कायदा शेजाऱ्याकडे बघतो, दुसरीकडे हरणाकडे.

आता नियम आला की पळवाट आली, हे मी कर्जखात्यात शिकलो. इंडियानानं २००७ मध्ये पिस्तुलाच्या धर्तीची आखूड काडतुसं रायफलीत चालतील असं ठरवलं, पण आकाराबद्दल न बोलता फक्त व्यास आणि लांबी मोजली. हौशी कारागिरांनी मोठ्या, जाड्या सुरया घेतल्या आणि नियमात बसतील इतक्या कापल्या. पुढे २०१६ मध्ये तिथल्या आमदारांनी खासगी जमिनीपुरती .३०-०६ आणि .३०८ सारखी खऱ्या पल्ल्याची काडतुसंही मोकळी केली. मिशिगननं काडतुसाची लांबी जास्तीत जास्त १.८० इंच ठरवली; रेमिंग्टन कंपनीनं २०२३ मध्ये बाजारात आणलेलं नवं काडतूस मोजलं तर बरोबर १.८० इंच भरतं. १८९५ सालच्या .३०-३० ची मान काढून टाकून ते सरळ केलेलं आहे. म्हणजे आजोबा ओहायोत बेकायदा आणि मान उडवलेला नातू कायदेशीर! विंचेस्टरच्या २०१९ मधल्या काडतुसाचं नाव .३५०, पण गोळीचा कागदोपत्री व्यास .३५७. ओहायोच्या किमान मापाला तंतोतंत. आणि १८७३ साली सैन्यासाठी निघालेलं, पुढे रानगव्यासारख्या बायसनवर चाललेलं .४५-७० ओहायोत खुशाल चालतं, कारण बिचाऱ्याला मान नाही.

यावर हसून पुस्तिका मिटता आली असती. पण पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळासाठी झालेला एक अभ्यास २००७ मध्ये बाहेर आला, त्यानं मला जास्त अस्वस्थ केलं. नळी वर रोखली असेल तर रायफलीची गोळी शॉटगनच्या गोळीपेक्षा कितीतरी लांब जाते, हे त्यात दिसलंच. पण नळी जमिनीशी समांतर असेल, म्हणजे हरणावर बहुधा असते तशी, तर शॉटगनची जड गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि रायफलीच्या गोळीपेक्षाही पुढे जाऊ शकते. ज्या हत्याराला वर्षानुवर्षं सुरक्षित मानलं, त्याची सुरक्षितता निदान या बाबतीत तरी गृहीतच धरलेली निघाली.

मग मापं फेकून द्यावीत का? माझं उत्तर नाही असं आहे. शिकारी गोळी झाडताना मागं काय आहे हे बघतो का, हे कुठल्याही वनरक्षकाला मोजता येत नाही. काडतूस खिशातून काढून मोजता येतं. कर्ज मागायला आलेल्याची नियत आम्हाला कधी मोजता आली नाही, म्हणून आम्ही सातबारा बघत होतो. सातबारा म्हणजे नियत नव्हे, हे आम्हालाही ठाऊक होतं आणि त्यालाही. पण सातबारा अधूनमधून जमिनीवर जाऊन पडताळावा लागतो, आणि कायद्यानं पेनसिल्व्हानियासारखी पडताळणी अधिक वेळा करायला हवी होती असं मला वाटतं. सरळ काडतुसाच्या बाजूनं शेतमालकानं सांगितलेलं कारण मला पटलं. शॉटगनचा धक्का खांदा निखळवणारा; घाबरून डोळे मिटत चाप ओढणारं पोर धोक्याचं. हलक्या धक्क्याच्या रायफलीनं त्याचा पोरगा नेम धरतो आणि एका गोळीत काम होतं. आमच्या खिडकीच्या दृष्टीनं न झाडलेली दुसरी गोळी सर्वांत सुरक्षित.

आणि शिकार नकोच, म्हणणं आम्हाला सोपं आहे. १९०४ च्या सुमारास ओहायोत एक हरीण उरलं नव्हतं. पुन्हा आणून, जपून, १९४३ मध्ये मोजक्या तालुक्यांत शिकार खुली झाली, आणि आज संध्याकाळी गाडी चालवताना मुलगी सतत रस्त्याच्या कडेला बघत असते. १९३७ च्या एका कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. हरणं वाढली ती बऱ्याच अंशी हरणं मारणाऱ्यांच्या पैशावर. मला हे अजून नीट गिळता आलेलं नाही, पण हिशेब चुकीचा नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हरणाच्या शिकारीवर बंदी आली आणि हा प्रश्न मिटला असं शहरात वाटतं. बोअरची भाषा मात्र आपल्या शस्त्र कायद्यातही आहे : निषिद्ध आणि अनिषिद्ध. .३०३ सामान्य माणसाला नाही, .३१५ परवान्यावर मिळू शकते. त्यामागचा विचार फौजेचा दारूगोळा बाहेर पाझरू नये हा. शेजाऱ्याचं घर किंवा जनावराची तडफड त्यात कुठे नाही. विदर्भातल्या माझ्या शाखेचा एक खातेदार हरभऱ्यासाठी कर्ज घ्यायचा. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करत असतील तर वनखात्याच्या परवानगीनं मारण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, पण त्याच्याकडे ना बंदूक, ना परवानगीसाठी खेटे घालायला वेळ. हरभरा घाट्यावर आला की तो पंधरा-वीस रात्री मचाणावर काढायचा. हातात तेलाचा रिकामा डबा आणि लाकडाचा दांडा. त्याच्या मचाणाची दिशा मी कधी विचारली नाही. रोही कुठूनही येत असत.