रेषेचा चढ, शिवाराचा उतार

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला उतार ही गोष्ट नवीन नाही. बालाघाटाच्या रांगेने या जिल्ह्याचे पाणी दोन वाटांनी विभागले आहे. एका अंगाचा पाऊस तेरणा-मांजरेच्या वाटेने गोदावरीस मिळतो. दुसऱ्या अंगाचा सीना आणि बोरी या नद्यांतून भीमेकडे व पुढे कृष्णेकडे जातो. आपल्या रानातील पाणी कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडते, कोठला बांध फुटतो, कोणत्या पट्टीतील माती धुपून मुरूम उघडा पडला आहे, हे सातवी-आठवीतील मूल बोट दाखवून सांगू शकते. परंतु हेच मूल दहावीत गेले आणि भूमितीच्या पुस्तकात ‘रेषेचा चढ’ समोर आला, की ते सूत्र पाठ करू लागते. दोन वाय-निर्देशकांतील फरकाला दोन एक्स-निर्देशकांतील फरकाने भागावयाचे, एवढे त्याच्या लक्षात राहते. भागून आलेला आकडा कशाचा, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. पायाखालची जमीन आणि वहीतील रेषा यांची गाठ शाळेने कधी घालूनच दिलेली नसते.

याचा दोष केवळ शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. राज्यमंडळाच्या अभ्यासक्रमात आठवीत ‘चलन’ शिकविले जाते, नववीत निर्देशक येतात आणि २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात रेषेचा चढ येतो. वस्तुतः आठवीतील सम चलनाचा स्थिरांक आणि दहावीतील चढ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एका वहीला पंधरा रुपये पडत असतील, तर वह्यांची संख्या आडव्या अक्षावर व किंमत उभ्या अक्षावर घेऊन काढलेल्या रेषेचा चढ पंधराच असतो. हे नाते दाखविण्यासाठी दोन वर्षे थांबण्याचे काहीच कारण नाही. गुणोत्तर आणि ऋण संख्या यांची ओळख सहावीतच झालेली असते. चढाची कल्पना समजण्यास याहून अधिक भांडवल लागत नाही.

सुरुवात मात्र फळ्यावर नव्हे, मैदानावर व्हावयास हवी. गवंडी पाणसळ म्हणून वापरतो तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन काठ्या, सुतळी आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. दोन काठ्या तीन मीटर अंतरावर उभ्या कराव्यात, नळीतील पाण्याच्या पातळीची खूण दोहोंवर करावी आणि त्या खुणांपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. दोन उंचींत पंधरा सेंटिमीटरांचा फरक आला, तर वीस मीटरला एक मीटर, म्हणजे शेकडा पाच, असा उतार निघतो. तीच काठी सहा मीटरवर नेली, तर सपाट उतारावर फरक तीस सेंटिमीटर येईल. नऊ मीटरवर पंचेचाळीस. अंतर बदलले, फरक बदलला, गुणोत्तर मात्र हलले नाही, हे मुलांनी स्वतःच्या हाताने ताडून पाहिले, की रेषा सरळ आहे म्हणजे नेमके काय, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

मुलांच्या ठरलेल्या चुकाही येथेच उघड्या पडतात. काही मुले आडवे अंतर न मोजता जमिनीलगत फीत धरतात. काही उलटा भागाकार करतात; मग जवळजवळ सपाट जमिनीचा आकडा टेकडीच्या आकड्याहून मोठा येतो आणि चूक आपोआप लक्षात येते. लांब रेषा अधिक चढाची असते, असाही एक समज असतो. तोही मैदानावर टिकत नाही. मग आलेखकागदावर यावे, आणि एकाच माहितीचे दोन आलेख वेगवेगळ्या प्रमाणांनी काढून घ्यावेत. एक रेषा कड्यासारखी उभी दिसेल, दुसरी आडवी पसरलेली; आकडा काढला तर दोन्हींचा एकच. छापील आलेखांनी सहज फसणाऱ्या समाजात हा धडा एरवीही मोलाचाच आहे.

भाषेचाही एक गुंता येथे आहे. भूमितीचे पुस्तक ‘चढ’ म्हणते. अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली येतो आणि त्याचा ‘ऋण उतार’ सांगितला जातो. एकाच गोष्टीची ही दोन नावे आहेत, याचा पत्ता विद्यार्थ्याला नसतो. गणित सोडून कला वा वाणिज्य शाखेकडे वळलेला विद्यार्थी तर आपण एका नव्याच विषयाशी झगडत आहोत असे समजतो. दुसरीच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून, ‘तेवीस’ म्हणावे की ‘वीस तीन’, यावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाच्या शतांश आस्थेनेही चढ-उतारांच्या या परिभाषेकडे कोणी पाहिलेले नाही.

प्रश्न परीक्षेतील दोन-चार गुणांपुरता असता, तर तो सोडून देता आला असता. परंतु चढ म्हणजे दर, आणि दर न कळणाऱ्या माणसाला व्यवहारात पावलोपावली किंमत मोजावी लागते. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, बँक ‘शेकडा सात’ म्हणते. तीन हा आकडा सातापेक्षा लहान आहे. पण पहिला महिन्याचा आहे, दुसरा सालाचा. दहा हजारांच्या कर्जावर पहिल्या दराने महिन्याला तीनशे रुपये सरळव्याज चढते, दुसऱ्याने अठ्ठावन्नच्या आसपास. वर्षाअखेर एक रेषा तेरा हजार सहाशेवर पोहोचते, दुसरी दहा हजार सातशेवर. दोन्ही एकाच बिंदूपासून निघालेल्या, परंतु एकीचा चढ दुसरीच्या पाचपटीहून अधिक. या दोन रेषा आठवीच्या वर्गात प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतः काढाव्यात, यासाठी कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहावयाची?

पाण्याचेही तसेच. समजा, एका गावच्या विहिरीत बारा फूट पाणी आहे व ते आठवड्याला दोन फुटांनी उतरते. शेजारच्या गावात नऊच फूट आहे, पण आठवड्याला एक फूट उतरते. आजचा साठा पाहणारा पहिल्या गावाला सुखी म्हणेल. उतार पाहणाऱ्याला मात्र कळते की पहिल्या गावाला सहाव्या आठवड्यातच टँकर मागवावा लागेल आणि दुसरे नवव्यापर्यंत तग धरील. महागाईचा दर खाली आला, या बातमीचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा लावणारा सुशिक्षितही याच चुकीचा धनी असतो. रेषेचा चढ कमी झालेला असतो. रेषा वरच चाललेली असते.

शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे, त्यात मैदानावरील मोजमापांची भर कोठे घालावी, हा आक्षेप खोटा नाही. परंतु ही भर नव्हे, मांडणीची फेररचना आहे. ‘चलना’च्या पाठाला मिळणाऱ्या तासिकांपैकी दोन मैदानासाठी आणि दोन आलेखकागदासाठी राखून ठेवल्या, तर दहावीतील सूत्राला अर्थ प्राप्त होईल आणि तेथे पाठांतरावर खर्च होणारा वेळ वाचेल. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी हा प्रयोग आखणे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. उतार जितका अधिक, तितके बांध जवळजवळ घालावे लागतात, हे समजणारी पिढी पाणलोटाच्या कामावर नुसती मजुरीस जाणार नाही; कामाचे मोजमापही तपासू शकेल.

२०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात तेव्हाच्या उस्मानाबादचा समावेश झाला. शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा एक मुख्य विषय होता. त्या कार्यक्रमात जिल्ह्यांची क्रमवारी लावली गेली, ती ते किती उंचीवर आहेत यावरून नव्हे, तर ठरावीक काळात किती पुढे सरकले यावरून. म्हणजे संपूर्ण जिल्ह्याची परीक्षा चढाच्या कसोटीवर झाली. ज्या मापाने जिल्हा मोजला गेला, ते माप त्याच जिल्ह्यातील आठवीच्या मुलाला वाचता येऊ नये, ही स्थिती फार काळ चालू देणे शोभादायक नाही.