नाव ठेवण्याआधी नावं ठेवून घ्या

आमच्या गेवराईत धंदा सुरू करणाऱ्या पोरांचा पहिला खर्च मशिनवर होत नाही, नावावर होतो. फ्लेक्स, पाऊच, लेबल, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टाचं पान. ही डिझाइनं मीच करतो, म्हणून सांगतोय. मसाला असो, लोणचं असो की बचत गटाचे पापड, नाव आधी ठरतं, छापून आधी येतं, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘अरे, हे नाव दुसऱ्या कुणाचं तर नाही ना?’ याचं उत्तर आजकाल ठरलेलं असतं: ‘एआयला विचारलं की. मोकळं आहे म्हणाला.’

माझा राग एआयवर नाही. माझा राग या शेवटच्या वाक्यावर आहे.

आधी हे वाक्य येतं कुठून ते बघू. तुमच्या फोनमधला एआय सहायक म्हणजे प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारं यंत्र. ट्रेडमार्कची नोंदवही त्याच्या खिशात नसते. ती केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे असते, आणि तिच्यात रोज नवे अर्ज पडतात. सहायकाला त्या नोंदवहीला थेट जोडलेलं नसेल, तर ‘मोकळं आहे’ याचा अर्थ इतकाच, की ‘माझ्या वाचनात आलं नाही.’ गावातल्या पारावर बसलेल्या माणसाने तलाठ्याचं दप्तर न उघडता ‘ही जमीन कुणाचीच नाही’ म्हणावं, तसं आहे हे. तुम्ही त्याच्या शब्दावर विहीर खणाल का?

आणि हे यंत्र माहीत नसलेलं ठणकावून सांगतं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात ‘माटा विरुद्ध आवियांका’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निवाडे सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. कायदा शिकलेली माणसं तिथे फसली, तर बारावीनंतर मसाल्याचा धंदा काढणाऱ्या पोराने सावध का राहू नये?

इथपर्यंत वाचून काही वकील आणि एजंट मंडळी मान डोलावत असतील. थांबा, तुमच्याकडेही येतोय.

‘एआयच्या नादी लागू नका, तज्ज्ञाकडे जा’ हा सल्ला पुण्या-मुंबईत बसून द्यायला सोपा आहे. गेवराईत ट्रेडमार्कचं काम रोज करणारा माणूस मला तरी सापडलेला नाही. त्यासाठी बीड, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. आणि तिथे तरी काय मिळतं? मी पाहिलेला एक ‘सर्च रिपोर्ट’ म्हणजे सरकारी संकेतस्थळाचा एक स्क्रीनशॉट होता. एकच स्पेलिंग, एकच वर्ग, खाली शिक्का. त्याचे पैसे मात्र अर्जाच्या सरकारी फीच्या जवळपास. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि अर्ज फेटाळला गेला तरी ती परत मिळत नाही. असा शोध यंत्राने केला काय आणि माणसाने केला काय, दोन्ही सारखेच आंधळे.

मग डोळस शोध कसा असतो? इथे कायदा काय बघतो ते कळायला हवं.

कायदा फक्त स्पेलिंग बघत नाही, कानाला काय ऐकू येतं तेही बघतो. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ऐकला. अर्थ वेगळे आहेत, मान्य. पण सामान्य गिऱ्हाईक शब्दाची फोड करून व्युत्पत्ती तपासत बसत नाही, त्याच्या लक्षात अर्धवट नाव राहतं, म्हणून ही नावं घोळ करण्याइतकी जवळची आहेत, असं न्यायालयाने धरलं. १९६९ साली तपकिरीच्या खटल्यात ‘श्री अंबाळ’ आणि ‘श्री आंडाळ’ समोर आले. देवता वेगळ्या, अर्थ वेगळे, उच्चार मात्र जवळचे. तिथेही उच्चारच भारी ठरला.

आता मराठी नाव घ्या. समजा तुम्ही ‘गोदामाई’ ठरवलं. रोमन लिपीत ते चार-पाच तऱ्हांनी लिहिता येतं. कुणी ‘गोदाई’ नोंदवलं असेल, कुणी ‘गोदामाता’. सरकारी शोध एका वेळी एका वर्गात होतो, आणि वर्ग आहेत ४५. मसाला तिसाव्या वर्गात, लोणचं एकोणतिसाव्यात. दुकानात मात्र दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी. दुसऱ्या वर्गातलं नावही तुम्हाला आडवं येऊ शकतं.

नेमकं इथेच एआय कामाचा आहे, आणि हे मान्य करायला मंडळींना जड जातं. एका नावाची वीस स्पेलिंगं काढणं, सारख्या उच्चाराचे आणि सारख्या अर्थाचे मराठी-हिंदी शब्द गोळा करणं, मालाला कोणकोणते वर्ग लागू शकतात त्याची यादी करणं, सापडलेल्या शंभर नावांतून धोक्याची दहा वेगळी काढणं. हे काम माणूस कंटाळून सोडतो, यंत्र सोडत नाही. ते मुनीम चांगलं आहे. त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं की घात होतो.

म्हणून प्रश्न बदला. ‘हे नाव मिळेल का?’ असं विचारलंत की ते तुम्हाला खूश करणारं उत्तर देण्याकडे झुकतं. त्याऐवजी विचारा: ‘या नावाला कोण हरकत घेईल? कशाच्या आधारावर? हे नाव फक्त मालाचं वर्णन आहे का?’ हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. आपल्याला ‘गावरान’, ‘घरगुती’, ‘शुद्ध’ यांचा भारी सोस. पण नुसतं वर्णन करणारा शब्द एकट्याच्या मालकीचा करायला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा सहसा तयार नसतो. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकाला देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं. देवाधर्माच्या नावाने पाऊच छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. यंत्राने जे काढून दिलं, ते एकेक करून सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. धोका दिसला तर मग वकिलाकडे जा, पण हातात यादी घेऊन. तेव्हा तो तुम्हाला नुसता स्क्रीनशॉट देऊन वाटेला लावू शकणार नाही.

तरीही एक गोष्ट उरते, ती कोणत्याच यंत्राला दिसत नाही. नोंदणी न करता वर्षानुवर्षं वापरलेलं नाव. आपला कायदा आधीपासून नाव वापरणाऱ्याला मोठं संरक्षण देतो. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै’ हलव्याच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा वरचा मानला. पुण्यातल्या ‘बर्गर किंग’चं घ्या. अमेरिकन कंपनी भारतात २०१४ साली आली, पुण्यातलं उपाहारगृह १९९२ पासून ते नाव वापरत होतं. कंपनीने २०११ साली केलेला दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला, आणि पुढे लढाई उच्च न्यायालयात गेली. म्हणजे नाव आधी वापरलं तरी तेरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. तेवढा दम तुमच्या बचत गटात आहे का?

आठवडी बाजारात विकलं जाणारं, फक्त फ्लेक्सवर छापलेलं नाव इंटरनेटवर नसतं. ते शोधायला मोंढ्यात जावं लागतं, किराणा दुकानाच्या फळ्या बघाव्या लागतात, चार ठोक व्यापाऱ्यांना विचारावं लागतं. आणि शॉप ॲक्ट, उद्यम किंवा अन्नपरवाना काढला म्हणजे नाव आपलं झालं, हा गैरसमज तर आजच मोडा. त्यातल्या एकाही कागदाने नावावर मालकी मिळत नाही.

राहिलं सरकार. १७ सप्टेंबर २०२४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते एआयवर चालणारी ट्रेडमार्क शोधप्रणाली आणि एक चॅटबॉट सुरू झाला. चांगलं झालं. पण त्याची खरी परीक्षा गेवराईत आहे. राक्षसभुवनच्या बाईला फोनवर मराठीत नाव बोलून, सगळ्या वर्गांत, उच्चाराने जवळची नावं समोर दिसली पाहिजेत. नोंदवही जनतेची आहे. ती जनतेच्या भाषेत उघडली, तर ‘मोकळं आहे’ म्हणणाऱ्या अंदाजपंचे यंत्रांचा बाजार आपोआप बसेल.

तोवर छापखान्यात फाइल पाठवण्याआधी एक रात्र द्या. यंत्राला सांगा, माझ्या नावाची बाजू घेऊ नकोस, विरुद्ध बाजूचा वकील हो. बारशाला आत्याबाई नाव ठेवते आणि गाव नावं ठेवतं. धंद्याच्या बाबतीत हा क्रम उलटा करा: आधी नावं ठेवून घ्या, मग नाव ठेवा.