ट्रॅक्टरचा तापमापक : खरा किती, खोटा किती?

ऑक्टोबरात नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या म्हणजे ट्रॅक्टरला दिवसरात्र विश्रांती नसते. मळणीयंत्र अखंड चालू असते, परतीच्या पावसाची धास्ती डोक्यावर असते, आणि "आमची रास आधी करून द्या" म्हणणारे शेजारी बांधावर उभे असतात. अशा वेळी तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, तर चालक दोहोंपैकी एक गोष्ट करतो. तो घाबरून काम थांबवितो व मिस्त्र्याला बोलावणे धाडतो, किंवा "मीटर खराब झाले आहे" असे म्हणून काम तसेच पुढे रेटतो. पहिल्या प्रकारात अर्धा दिवस व थोडे पैसे जातात. दुसऱ्या प्रकारात हेड वाकते, गॅस्केट जळते, प्रसंगी पिस्टन लायनरमध्ये जाम होतो, आणि ज्याचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत असा ट्रॅक्टर ऐन सुगीत मिस्त्र्याच्या दारात उघडून पडतो. काटा खरा की खोटा हे तपासल्यावाचून घेतलेले दोन्ही निर्णय चुकीचेच होत. तापमापक ही समोरच्या फळीवरील शोभेची वस्तू आहे असे मानण्याची जी रीत पडली आहे, ती मोडणे अगत्याचे आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, काट्याला सबंध इंजिनाची उष्णता कळत नाही. त्याला कळते ती एका ठिकाणच्या पाण्याची. जुन्या ट्रॅक्टरांत एका लहानशा धातूच्या कुपीत सहज वाफ होणारा द्रव भरलेला असे व तिच्यापासून बारीक नळी थेट मीटरपर्यंत गेलेली असे. पाणी तापले की कुपीतील वाफेचा दाब वाढे व काटा चढे. ही नळी कोठे दुमडली वा चिरली की काटा कायमचा खाली बसे. हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत थर्मोस्टॅटच्या घराजवळ अथवा हेडमध्ये बोटाच्या पेराएवढा पितळी सेन्सर बसविलेला असतो. पाणी जसजसे तापते तसतसा त्याचा विद्युत्-रोध कमी होतो, तारेतून अधिक प्रवाह वाहतो व काटा वर जातो. प्रवाहाचा परतीचा मार्ग म्हणजे खुद्द इंजिनाचे लोखंड. तेव्हा पाणी, सेन्सर, तार, मीटर व लोखंडाशी असलेला जोड यांपैकी कोणतीही एक गोष्ट बिघडली तरी काटा खोटे बोलू लागतो.

काटा जास्त दाखवू लागला म्हणजे निदान भीती वाटते व मनुष्य सावध होतो. खरा घात करतो तो कमी दाखविणारा काटा. गळक्या होजमधून पाणी हळूहळू निघून गेले व सेन्सर उघडा पडला, म्हणजे त्याच्याभोवती पाण्याऐवजी हवा व वाफ राहते. वाफेतून धातूला पाण्याइतकी उष्णता पोहोचत नाही. हेड भाजून निघत असते आणि काटा मात्र खाली उतरत असतो! भरधाव कामात काटा एकाएकी खाली आला तर ते शुभचिन्ह समजू नये. इंजीन तत्काळ मंद करून थांबवावे व पाणी पाहावे. पाणी पाहावयाचे तेही इंजीन पुरते निवल्यावर. तापल्या रेडिएटरची टोपी उघडून तोंड-हात भाजून घेतलेले चालक गावोगाव आढळतात, आणि लाल झालेल्या हेडवर गार पाणी ओतणे म्हणजे आपल्या हाताने त्याला तडा पाडणे होय.

या भागात आणखी एक कारण आहे, त्याचा विचार मिस्त्रीही क्वचितच करतात. ते म्हणजे पाणी. मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या विहिरींच्या व विंधन विहिरींच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ ठिकाणी भरपूर असतात. न्हाणीघरातील हंड्याच्या आत बसणारी पांढरी खपली प्रत्येक घरात माहीत आहे. तीच खपली इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत व सेन्सरच्या टोकावर बसते. खपली उष्णता अडविते. त्यामुळे एकीकडे इंजिनाची उष्णता पाण्यात उतरत नाही, तर दुसरीकडे पाण्याची उष्णता सेन्सरला उशिरा व कमी कळते. म्हणजे खपलीमुळे इंजीन खरोखर तापते आणि त्याच खपलीमुळे काटा ते लपवितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पिण्यासच जेथे पाणी नाही तेथे रेडिएटरमध्ये कोणते पाणी घातले हे कोण विचारणार? टंचाईच्या वर्षी हाती येईल ते पाणी घातले गेले तर त्यास दोष देता येत नाही. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षीही तोच परिपाठ चालू राहतो, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात वापरावे. त्यात मिसळण्यास पाणी लागतच असेल तर ते क्षारविरहित असावे. कूलंटचा खर्च अनेकांना नकोसा वाटतो, पण हेड घासून घेण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

आता परीक्षेकडे वळावयाचे. एका तारेचा साधा सेन्सर असेल तर पहिली परीक्षा पाच मिनिटांची आहे. इंजीन बंद ठेवून चावी चालू करावी व सेन्सरवरील तार काढावी. काटा थंडीकडे, म्हणजे अगदी खाली गेला पाहिजे. मग त्याच तारेचे टोक क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास टेकवावे; काटा झपाट्याने वर चढला पाहिजे. दोन्ही गोष्टी घडल्या तर तार व मीटर ठीक आहेत. दोष एक तर सेन्सरमध्ये आहे, नाही तर इंजीन खरोखर तापते आहे. तार काढूनही काटा वरच राहिला तर तार कोठे तरी सोलून लोखंडास लागत आहे किंवा मीटर बिघडले आहे असे समजावे. दिवे लावताच काटा जागचा हलत असेल, किंवा डिझेलचा काटा व हा काटा दोन्ही एकदमच भलतीकडे जात असतील, तर सेन्सर बदलण्यात अर्थ नाही. तो अर्थिंगचा अथवा मीटरला मिळणाऱ्या विजेचा दोष होय. बॅटरीची ऋण पट्टी व मीटरची अर्थिंगची तार घासून घट्ट करावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. सेन्सरच्या आट्यांवर गळती थांबविण्यासाठी पांढरी टेप गच्च गुंडाळण्याची सवय काही ठिकाणी आहे. तिच्यामुळे लोखंडाशी असलेला संबंधच तुटतो व काटा कमी दाखवू लागतो.

दुसरी परीक्षा चुलीवरची. इंजीन गार असता थोडे पाणी काढून सेन्सर सोडवावा, त्याचे पितळी अंग तारेने ट्रॅक्टरच्या लोखंडास जोडावे, मूळ तार लांबवून त्याच्या टोकास लावावी, आणि सेन्सरचे खालचे टोक तेवढे खळखळ उकळत्या पाण्यात धरावे. येथे एक बारकावा आहे. पाणी १०० अंशांवर उकळते हे समुद्रकाठी खरे. उंची सुमारे ३०० मीटरने वाढली की उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. नांदेड गोदाकाठी साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे; लातूर बालाघाटच्या पठारावर त्याहून बरेच उंच आहे. यास्तव नांदेडला उकळते पाणी ९९ अंशांच्या जवळ व लातूरला ९८ अंशांच्या आसपास असते असे धरावे. अनेक मीटरांवर आकडे नसून हिरवा व लाल पट्टाच असतो. अशा मीटरच्या काचेवर, पाणी उकळत असता काटा जेथे स्थिरावला तेथे रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. त्या दिवसापासून बिनआकड्यांच्या मीटरला एक खात्रीचा आकडा मिळतो. ज्यांच्याकडे लांबून तापमान मोजणारी गन आहे, त्यांनी थर्मोस्टॅटच्या घरावर ती रोखून पडताळा घ्यावा. मात्र चकचकीत धातूवर ती चुकीचा, कमी आकडा देते, म्हणून तेथे काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावरच मोजावे.

कधी कधी काटा हिरव्या पट्ट्यात असूनही पाणी उकळून बाहेर येते, आणि लगेच मीटरवर ठपका ठेवला जातो. येथे मीटर बहुधा निर्दोष असते. रेडिएटरची टोपी धड असेल तर आत दाब राहतो व पाणी १०० अंशांच्या बरेच पुढे गेल्यावाचून उकळत नाही. टोपीचे रबर झिजले की दाब उरत नाही, आणि लातूरच्या पठारावर ९८ अंशांसच पाणी उकळू लागते. टोपी स्वस्त आहे. ती प्रथम पाहावी. उलट काटा लाल पट्ट्यात असेल व वरील परीक्षांत तो खरा ठरला असेल, तर सोयाबीनच्या भुसकटाने बुजलेली रेडिएटरची जाळी आणि सैल फॅनबेल्ट या दोन गोष्टींपलीकडे फारसे शोधावे लागत नाही. राशीच्या दिवसांत जाळी दर काही तासांनी झाडलीच पाहिजे.

थर्मोस्टॅटविषयी मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. काटा वर गेला की थर्मोस्टॅट काढून टाकावयाचा, हा उपाय इतका सर्रास झाला आहे की, तो नसणे म्हणजेच नियम वाटावा. थर्मोस्टॅट अडकला असेल तर तो बदलावा. त्याची परीक्षाही सोपी आहे : गार इंजीन सुरू केल्यावर वरचा होज काही वेळ गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट उघडतो आहे. तो काढून टाकलेले इंजीन थंडीच्या दिवसांत, हरभऱ्याच्या पेरणीत, नीट तापतच नाही. डिझेल अधिक जळते, लायनर लवकर झिजतात, आणि काटा सदैव खाली राहतो. मग त्या काट्याकडे पाहण्याची सवय सुटते. जो मिस्त्री काटा न तपासता थर्मोस्टॅट काढतो, तो गिऱ्हाइकाचा एक डोळा काढून घेतो असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून २०१८ नंतर या दोन्ही जिल्ह्यांत शेतकरी गटांच्या अवजारे बँका उभ्या राहिल्या. तेथे एकच ट्रॅक्टर आज एकाच्या तर उद्या दुसऱ्याच्या हाती असतो. घरच्या ट्रॅक्टरचा काटा रोज कोठे उभा राहतो हे मालकास माहीत असते. बँकेच्या ट्रॅक्टरचे ते कोणासच ठाऊक नसते. म्हणून अशा बँकांच्या नोंदवहीत डिझेल व तासांबरोबर काट्याच्या जागेचाही एक रकाना असणे योग्य होईल. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची परीक्षा होते, तेव्हा पाण्याचे तापमान आवर्जून मोजून अहवालात नोंदले जाते. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या यंत्राची जेथे एवढी चौकशी होते, तेथे दहा वर्षे राबलेल्या यंत्राची मुळीच होऊ नये हे विचित्र आहे. जुना ट्रॅक्टर विकत घेतानाही टायर व रंग पाहिले जातात, काट्याची परीक्षा कोणी करीत नाही. आणि मेलेल्या काट्यामागे पुष्कळदा एकदा जळलेले गॅस्केट दडलेले असते.

तार लोखंडास टेकविण्याची परीक्षा नव्या, संगणकीय नियंत्रणाच्या इंजिनांवर कदापि करू नये. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराची नवी मानके लागू झाली, व त्यानंतर आलेल्या पुष्कळ यंत्रांत सेन्सर दोन तारांचा असून तो नियंत्रक पेटीस जोडलेला असतो. चुकीच्या ठिकाणी तार टेकली तर ती पेटी निकामी होऊ शकते, आणि तिची किंमत मोठी आहे. अशा ट्रॅक्टरचा काटा संशयास्पद वाटल्यास विक्रेत्याच्या कार्यशाळेत स्कॅनर लावून तापमान वाचून घ्यावे, त्याच वेळी थर्मोस्टॅटच्या घरावर गनने मोजावे, आणि दोन्ही आकडे तारखेसह सेवापुस्तिकेत लिहून त्यावर कार्यशाळेची सही घ्यावी. हमीच्या मुदतीत सेन्सर बदलून मागताना त्या नोंदीचा उपयोग होतो.