लोकेशन टाकणारा एक, निस्तरणारे दुसरेच! मावळच्या नदीकाठाला ‘जिओकॅशिंग’चा धडा

मावळ : नदीकाठच्या झाडीत एक हवाबंद डबा लपवायचा, आत छोटी वही ठेवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे. मोबाईलच्या जीपीएसवर शोधत जो पोहोचेल त्याने वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच ठेवायचा. या खेळाला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात पहिला डबा लपवला गेला.

यात एक ‘कोडे’ प्रकार आहे. नकाशावर दिसणारी खूण खरी नसते. कोडे सोडवले की खरे आकडे मिळतात आणि डबा त्या खुणेपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत असतो. साहजिकच तिथे झुंबड उडत नाही.

आपल्या भागात हा खेळ फार कुणाला ठाऊक नाही. मग त्याची चर्चा आत्ताच कशाला? कारण मावळात डबा नसला तरी लोकेशनचा खेळ रोज चालतो. रील बघायची, पिन उघडायची, गाडी काढायची. धबधबा, कुंड, बंधारा, कडा... सगळे नकाशावर आहे. नाही ते एकच : या जागेचा जबाबदार माणूस.

डब्याला मालक असतो

जिओकॅशिंगमध्ये डबा लपवणाराच त्याचा मालक. जमीन ज्याची आहे त्याची परवानगी त्यानेच घ्यायची. जमीन उकरून डबा पुरायचा नाही. अधूनमधून जाऊन पाहणी करायची. वाट खचली, पाणी वाढले तर ते लोकेशन काही काळ बंद ठेवायचे. मालकाने लक्ष दिले नाही तर वेबसाइटच ती नोंद काढून टाकते. खेळ परदेशी असला तरी हिशेब सरळ आहे. ज्याने लोकांना जागा दाखवली, त्यानेच ती सांभाळायची.

इथे मात्र सगळ्यांचे थोडे थोडे

१५ जून २०२५ चा रविवार मावळ विसरलेला नाही. इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी होती, नव्या पुलाला मंजुरीही होती. पण सुट्टीच्या दिवशी त्या पुलावर माणसे चढू नयेत हे बघायचे कुणी?

त्याआधी ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. धरण रेल्वेचे, मागचे जंगल वन विभागाचे, गर्दी आवरायची पोलिसांनी. दुर्घटनेनंतर बंदी आदेश निघाले, पण आदेश ठरावीक दिवसांचा असतो. नकाशावरची पिन बाराही महिने तशीच राहते.

लोकेशनवर किती भिस्त ठेवायची हेही इथल्या जंगलाने दाखवले आहे. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला तरुण इंजिनिअर ड्यूक्स नोजच्या रानात वाट चुकला. फोन बंद पडला आणि चार दिवसांच्या शोधानंतर मृतदेहच हाती लागला. अशा वेळी दरीत उतरतात ते ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्थानिक कार्यकर्ते. पिन टाकणारा तोवर पुढच्या स्पॉटवर गेलेला असतो.

खेळ आला तर

उद्या कुणी हौशी इंद्रायणीकाठी किंवा एखाद्या देवराईत असा डबा ठेवायला आला, तर हाकलून देण्याचे कारण नाही. पण अटी हव्यात. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. लोहगड, विसापूर हे संरक्षित किल्ले आहेत. त्यामुळे जागा गावठाणालगतची, पुराच्या रेषेबाहेरची असावी. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि पोलीस पाटलांना माहिती द्यावी. नाहीतर झाडीत बेवारस डबा दिसला की बॉम्बची आवई उठायला वेळ लागत नाही. डब्यावर ‘हा खेळ आहे’ असे मराठीत लिहिलेले असावे. पावसाळ्यात तो बंदच ठेवावा.

खरी गरज मात्र डब्याची नाही, त्यामागच्या नियमाची आहे. तालुक्यातल्या प्रत्येक गर्दीच्या जागेपुढे एक कार्यालय, एक अधिकारी, एक फोन नंबर आणि ‘आज चालू की बंद’ एवढी नोंद तहसील कार्यालयाने जाहीर करावी. ती गावात फळ्यावर लागावी आणि नेटवरच्या नकाशातही दिसावी. याला फार निधी लागत नाही. प्रत्येक जागेपुढे नाव कुणाचे लिहायचे, हे तेवढे ठरवावे लागेल. आणि ते पहिल्या पावसाच्या आत ठरले तरच उपयोग.