बुद्धीचा वारसा

पवनीच्या बाजारपेठेत एखाद्या व्यापाऱ्याच्या मुलाने तोंडी हिशोब अचूक सांगितला, की ‘रक्तातच आहे’ असे सहज म्हटले जाते. तो लहानपणापासून गल्ल्याजवळ बसून भाव, वजन व उधारी ऐकत आलेला असतो, हे विसरले जाते. त्याचा भाऊ गणितात मागे पडला तर मात्र तो एकटाच ‘ढ’. तेथे रक्ताचा दाखला कोणी देत नाही.

हाच समज विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्राचा वेष घेऊन वावरला. १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची श्रेणी रचली, ती शाळेत कोणत्या मुलाला विशेष साहाय्य हवे ते कळावे म्हणून. बुद्धी जन्मतः कायमची ठरते, हे बिने यांना मान्य नव्हते. परंतु अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक हा आनुवंशिक ठेवा मानला जाऊ लागला. ‘मंदबुद्धी’ ठरलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मान्यता दिली!

त्याच सुमारास इरावती कर्वे संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे समर्थक झाले. युरोपीयांच्या कवटीची उजवी व डावी बाजू अधिक विषम असते आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीचे मूळ आहे, असे त्यांचे गृहीतक होते. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. विषमता आढळली, पण वंशाशी तिचा संबंध आढळला नाही. गुरूंचे मत विरुद्ध असतानाही त्यांनी प्रबंधात तेच लिहिले. ताळेबंद जुळावा म्हणून आकडा बदलू नये, हे पेढीवर वाढलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आनुवंशिकतेचा वाटा मुळीच नाही, असे नव्हे. तथापि जैन कर्मसिद्धान्ताची दृष्टी येथे मननीय आहे. प्रत्येक जीव अनंतज्ञानस्वरूप असून ज्ञानावरणीय कर्माचा क्षयोपशम जेवढा, तेवढे ज्ञान प्रकट होते. हे कर्म ज्याचे त्याचे. पित्याच्या खात्यातून ते पुत्राच्या खात्यात वर्ग होत नाही. या कर्माच्या आस्रवाची कारणे तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दिली आहेत. दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अंतराय आणणे हे त्यांपैकी एक. मुलाला ‘ढ’ ठरवून त्याची शाळा सोडविणाऱ्या पालकांनाही ते लागू पडते.