चाळणी कोणाच्या हाती?

खळ्यावर ज्वारी उफणताना ज्याने पाहिले आहे, त्याला निवड म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. सुपातून सोडलेले धान्य वाऱ्यात पडते, दाणे पायाशी साठतात, भूस दूर जाते. मात्र दाणा कोणता आणि भूस कोणते, हे तेथे शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असतो. मोबाईलवर अखंड वाहणाऱ्या घडामोडींच्या प्रवाहात हेच काम आज दुसरे कोणी करीत आहे. कार्यकर्त्यांनी ही तांत्रिक बाब म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

जालना जिल्ह्यातील एखाद्या गावाचा व्हॉट्सॲप गट उघडून पाहावा. सुप्रभात, वाढदिवस, पुढाऱ्यांची छायाचित्रे. आणि त्यातच मोसंबीचा भाव, टँकरची वेळ, गारपिटीचा इशारा. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी या जिल्ह्यात गारांनी उभी पिके झोडपली. अशा वेळी शंभर संदेशांखाली दडलेला इशारा हा न मिळालेलाच इशारा होय. गोंगाट प्राणघातकही ठरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मज्जाव केला. उपाय योग्यच होता. पण तो कंपनीने ठरविला, लोकांनी नव्हे.

मग चाळणी असावी कोणाची? कंपनीची म्हणावी, तर तिचा व्यवसायच लोकांना पडद्याशी खिळवून ठेवण्याचा. फेसबुकने २०१७ पासून काही काळ संतापाच्या चिन्हाला पसंतीच्या चिन्हाच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ साली उघड झाले. सरकारची म्हणावी, तर सरकारला चाळण्यापेक्षा धरणाचे दरवाजे बंद करणे सोपे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना जिल्ह्यात इंटरनेटच बंद करण्यात आले. अफवेबरोबर बाजारभाव आणि आजाऱ्याची हाकही थांबली.

तिसरा मार्ग आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने २०१७ साली ‘ॲक्टिव्हिटी स्ट्रीम्स’ या खुल्या मानकाची दुसरी आवृत्ती प्रमाणित केली. तीत प्रत्येक घडामोड आपल्या व्याकरणासारखीच मांडता येते : कर्ता, क्रिया, कर्म आणि वेळ. अशी मांडणी झाली की नियम करणे सोपे होते. एकाच कर्मावरील वीस अभिनंदने एका ओळीत गुंडाळावीत. तोच संदेश पुन्हा आला तर दाखवू नये. हवामानाचा इशारा सर्वांत वर ठेवावा. ही चाळणी वाचणाऱ्याच्या यंत्रावर बसविता येते, आणि तिचे नियम त्याला वाचता व बदलता येतात.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. ज्याला अधिक पसंती तो संदेश वर, हा नियम लोकशाहीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो जमावाचा नियम आहे. मंठा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरची मजूर बाई रोजगार हमीची मजुरी थकल्याचे लिहिते, तेव्हा तिला दाद देणारे दोघेच असतात. आकड्यांची चाळणी तिला भूस ठरवील. म्हणून चाळणीतून खाली गेलेले नष्ट होऊ नये, ते वेगळ्या कप्प्यात राहावे. आणि तक्रार ही क्रिया तर पसंतीच्या संख्येवर कधीच तोलली जाऊ नये.

गावोगावच्या गटांनी एका बैठकीत आपले नियम ठरवावेत, लिहून काढावेत, दर महिन्याला तपासावेत. सूप आपल्या हाती असेल, तरच वाऱ्यावर काय सोडायचे हे आपण ठरवू शकू.